जबलपूरच्या सुट्या भागांच्या दुकानांचा बळी कोणी घेतला?

रेडिओ-इलेक्ट्रॉनिक्सच्या छंदी लोकांना सुटे भाग पुरविणारी दुकाने एकामागून एक मिटत आहेत. भांडवली वृत्तपत्रे याचे खापर काळाच्या माथी फोडून मोकळी होतात. पोरांना हाताने काम नको, ग्राहकाला घरपोच माल हवा, अशी त्यांची मखलाशी!

ही मखलाशी जबलपुरात तर मुळीच टिकत नाही. १९०४ पासूनची गन कॅरेज फॅक्टरी, खमरियाचा दारूगोळा कारखाना, वाहन कारखाना, टेलिकॉम फॅक्टरी, लष्कराचे सिग्नल प्रशिक्षण केंद्र, १९४७ सालचे सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय – एवढे तांत्रिक कौशल्य ज्या शहरात एकवटले, तेथे फिटरच्या पोराने चिल्लर मोजून दोन रेझिस्टर आणि एक ट्रान्झिस्टर मागणे ही नित्याची गोष्ट होती. जळालेला भाग हातात घेऊन सर्किट कोठे चुकले हे दुकानदार सांगे. या शिक्षणाला ना फी होती, ना प्रवेशपरीक्षा.

दुकानदार काही सर्वहारा नव्हे. टंचाईत भाव चढविणारे आणि नकली माल खपविणारेही त्यांच्यात होतेच. परंतु येथे प्रश्न त्यांच्या पुण्याईचा नाही. कष्टकऱ्यांच्या मुलांना खुले असलेले तंत्रज्ञानाचे एक दार बंद होत आहे, हा आहे.

ते दार कोणी लोटले? १९९७ साली भारत सरकारने जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती तंत्रज्ञान करारापुढे मान तुकविली. २००५ पर्यंत ट्रान्झिस्टर, कपॅसिटर, आयसी यांवरील आयात शुल्क शून्यावर आले आणि देशी उत्पादन आयातीच्या लोंढ्यापुढे उघडे पडले. मोहालीची सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स ही सार्वजनिक कंपनी १९८९ च्या आगीत होरपळली. तिला पुन्हा उभे करण्याची निकड राज्यकर्त्यांना वर्षानुवर्षे भासली नाही. २०२३ साली मात्र साणंदच्या प्रकल्पासाठी मायक्रॉन या अमेरिकी कंपनीला निम्मा खर्च केंद्राच्या आणि वर वीस टक्के गुजरातच्या तिजोरीतून देण्याचे ठरले. जनतेचा पैसा सत्तर टक्के, मालकी परक्याची!

पोरांच्या आळसाचा सिद्धान्त मांडणाऱ्यांनी ब्रिटनकडेही पाहावे. १९७२ साली सुरू झालेली मॅप्लिन ही छंदी लोकांची पेढी २०१४ साली रटलंड पार्टनर्स या गुंतवणूक कंपनीने विकत घेतली आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये दोनशेहून अधिक दुकानांसह ती बुडाली. अमेरिकेतील रेडिओशॅकने २०१५ साली दिवाळे काढले. तेथेही जबलपूरच्या पोरांचा आळस पोहोचला होता काय?

ऑनलाइन माल स्वस्त मिळतो, हे खरे. पण पाच रुपयांच्या भागाचा पोचवणी खर्च त्याच्या कित्येक पट होतो; आणि काय मागावे हेच ज्याला ठाऊक नाही, त्या नवशिक्याला ॲमेझॉनचे गोदाम काय शिकविणार? शिवाय आजची यंत्रे मुद्दाम डिंकाने चिकटवून बंद केलेली असतात. उघडू नका, फेका आणि नवे घ्या, हा मक्तेदारांचा मंत्र. त्यामुळे कारागीर सुटा भाग बदलत नाही, अख्खा बोर्ड बदलतो, आणि दुकानात सुटे भाग मागणारा उरत नाही. दुरुस्तीच्या हक्कासाठी सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये उघडले ते एक पोर्टल. सुटे भाग देण्याची सक्ती त्याने कोणत्याही कंपनीवर होत नाही.

खुद्द गिऱ्हाईकच कापले जात आहे, याचा तर कोणी उच्चारही करीत नाही. ३१ जानेवारी २०२० रोजी बीएसएनएलचे ७८ हजारांहून अधिक कर्मचारी ‘स्वेच्छा’निवृत्तीच्या नावाखाली एका दिवसात घरी गेले. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या केल्या गेल्या आणि जबलपूरचे कारखाने त्यांत वाटले गेले. ज्या कायम पगारातून पोराच्या छंदाला चार रुपये सुटत, त्याच पगारावर हा घाला आहे.

म्हणून हा प्रश्न कामगार संघटनांनी व्यापारी मंडळांवर सोडून चालणार नाही. सुटे भाग आणि सर्किटचे नकाशे देण्याची कायदेशीर सक्ती, तसेच सार्वजनिक कारखान्यांच्या आवारात शहरातील मुलांसाठी खुली कार्यशाळा व रास्त भावाचे सुट्या भागांचे काउंटर, या दोन्ही गोष्टी जबलपूरच्या कामगारांच्या पुढच्या मागणीपत्रात आल्या पाहिजेत.