गाळातले औषध, ताटातल्या तिसऱ्या

राष्ट्रीय जलमार्गांच्या २०१६च्या कायद्यात मांडवी, जुवारी आणि या दोघींना जोडणारा कुंभारजुव्याचा जलमार्ग यांची नोंद झाली. तेव्हापासून गोव्यात नद्यांचा गाळ उपसण्याचा विषय अधूनमधून तापतो. बार्ज, मासेमारी, काठाची धूप यांवर चर्चा होते. त्या गाळात काय साठले आहे, हा प्रश्न मात्र मागे पडतो. आपल्या घरांत तिसऱ्या, शिणाणे आणि कालवे आवडीने खाल्ली जातात, म्हणून तो आपणच विचारायला हवा.

डीडीटी, लिंडेन, एंडोसल्फान ही जुन्या वळणाची कीटकनाशके. ती पाण्यात फारशी विरघळत नाहीत, चरबीत विरघळतात. पावसात शेता-बागायतीतून वाहून येताना ती मातीच्या बारीक कणांना चिकटतात. गोडे पाणी खाऱ्याला मिळते तिथे हे कण एकमेकांना धरून जड होतात आणि तळाशी बसतात. खाजणातले पाणीही मानशीतून, म्हणजे बांधातल्या दारातून, ओहोटीला नदीतच उतरते.

तिसरी चिखलात रुतून राहते; शिणाणे आणि कालवे खडकाला धरून. पाणी आत ओढायचे, त्यातले कण गाळून खायचे आणि पाणी सोडून द्यायचे, हाच त्यांचा उद्योग. मोठे कालव अनुकूल पाण्यात दिवसाला शंभर लिटरहून अधिक पाणी गाळू शकते. कणांसोबत औषधही आत जाते. माशांच्या मानाने या जीवांना ते मोडून टाकणे फारसे जमत नाही. पाण्यात जेमतेम सापडणारे प्रमाण त्यांच्या अंगात हजारो पट होऊ शकते. म्हणूनच एडवर्ड गोल्डबर्ग या शास्त्रज्ञाने १९७५ मध्ये शिंपल्यांवरूनच किनाऱ्याचे प्रदूषण मोजावे असे सुचवले आणि अमेरिकेत १९८६ पासून तशी नियमित तपासणी सुरू झाली.

आता बंदी आहे ना, असे कोणी म्हणेल. आहे. डीडीटीचा शेतीतील वापर १९८९ मध्ये बंद झाला, मलेरियासाठीची फवारणी पुढेही चालू राहिली. एंडोसल्फान २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने थांबले, लिंडेनचा वापर २०१३ मध्ये. आम्ही बँकेत आयुष्य काढले, त्या भाषेत सांगायचे तर बंदीने नवा भरणा थांबतो, जुनी शिल्लक खात्यात राहते. डीडीटी आणि त्यापासून बनणारी द्रव्ये गाळात वर्षानुवर्षे टिकतात. वर नवा गाळ साचला की ती दबतात. उपसा केला की पुन्हा पाण्यात येऊ शकतात.

घरी आपण तिसऱ्या मिठाच्या पाण्यात ठेवतो. त्याने रेती जाते, चरबीतले औषध जात नाही. शिजवूनही ते पुरते नाहीसे होत नाही.

म्हणून तिसऱ्या खाणे सोडा, असे आमचे म्हणणे नाही. २०१८ मध्ये मासळीत फॉर्मेलिन असल्याच्या चर्चेने बाजार कसा बसला, ते आपण पाहिले. विश्वासाचे आकडे समोर नसले की अफवा पसरते आणि चिखलात वाकून तिसऱ्या काढणाऱ्या, बाजारात वाटा मांडून बसणाऱ्या बायांचे पोट मारले जाते. त्यांचा यात काहीच दोष नाही.

मागणी साधी आहे. पावसाळ्याआधी आणि नंतर ठरलेल्या जागांवरच्या तिसऱ्या तपासाव्यात आणि आकडे मराठी-कोंकणीतून सर्वांसमोर ठेवावेत. उपसा करायचा तर आधी तो गाळ तपासावा. दोनापावलाला १९६६ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, राज्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळ आहे. तेव्हा साधनांची सबब चालणार नाही. पुढच्या ग्रामसभेला आपल्यापैकी प्रत्येकाने हा एक प्रश्न लेखी द्यावा आणि त्याची पोच घ्यायला विसरू नये.