सायलेन्सरची निवड

मागील अंकांत आम्हीं पावसाळ्यांतील टायरांच्या निगेविषयीं लिहिलें होतें. त्यावर एका भगिनींनीं विचारलें आहे कीं, त्यांच्या चिरंजिवांनीं नव्या गाडीचा सायलेन्सर काढून बाहेरचा, भारी आवाजाचा बसविण्याचें मनांत घेतलें आहे. हा केवळ पोरखेळ समजावा कीं त्यांत कांहीं तथ्य आहे? उत्तराची जुळवाजुळव करीत होतों, तोंच हाच प्रश्न आमच्या भाच्याच्या रूपानें दारांत येऊन उभा राहिला आणि एका रविवारीं आम्हांस तळवड्यास जावें लागलें. तेव्हां उत्तरास विलंब झाला त्याबद्दल भगिनींनीं क्षमा करावी.

आमचा भाचा चाकणकडील एका कारखान्यांत इंजिनिअर असून तळवड्यास एका सोसायटींत सहकुटुंब राहतो. गाडी फोक्सवॅगनची व्हर्टस. ही २०२२ सालीं बाजारांत आली व चाकणच्याच कारखान्यांत बांधलेली आहे. इंजिन दीड लिटरचें, टर्बो जोडलेलें, शक्ति १५० अश्वबळाची. गाडीचे हप्ते देऊन व आईवडिलांकडे पैसे पाठवून जें उरलें त्यांतून त्यानें हा बेत केला होता. त्यास उधळ्या म्हणण्याचा अधिकार आम्हांस नव्हता. त्याची तक्रार एवढीच कीं, "मामा, गाडी पळते वाघासारखी आणि आवाज मात्र शिवणयंत्राचा!"

आतां हा आवाज कोठें दबतो तें पाहूं. धूर इंजिनांतून सुटला कीं प्रथम टर्बोचें चक्र फिरवितो, व तेथेंच त्याचा बराचसा कडकडाट मावळतो. पुढें लागतें तें कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. गॅरेजवाले यास नुसतें 'कॅट' म्हणतात. त्यानंतर रेझोनेटर नांवाची मधली टाकी व अखेरीस मागचा डबा. कोणी नुसता मागचा डबा बदलतात, कोणी कॅटच्या पलीकडची सगळी नळी बदलतात, आणि धाडसी मंडळी टर्बोला लागून असलेली डाउनपाइप कॅटसह काढून टाकतात.

शक्ति वाढते म्हणून सांगतात त्याविषयीं दोन शब्द. धुराची खरी अडचण टर्बोपाशीं व कॅटपाशीं असते. त्यापुढचा मार्ग आजच्या गाड्यांत पुरेसा मोकळा असतो. म्हणून नुसता मागचा डबा बदलून पदरांत पडणारी शक्ति इतकी अल्प असते कीं शेजारीं एक जाडसर गृहस्थ बसले तर ती तेथेंच खर्चीं पडावी. हौस आवाजाची आहे हें एकदां प्रांजळपणें कबूल केलें म्हणजे निवड सोपी होते.

गॅरेजच्या मालकांनीं आमच्यापुढें दोन संच ठेविले. दुसऱ्याचा भाव पहिल्याच्या तिपटीजवळ होता. आम्ही घरांतील भांड्यांच्या अनुभवावर लोहचुंबक खिशांत घेऊन गेलों होतों! स्वस्त संचास तो चिकटला, महागास चिकटला नाहीं. कारखान्यांतून येणाऱ्या गाड्यांस बहुधा ४०९ जातीचें पोलाद असतें. त्यांत सुमारें ११ टक्के क्रोमियम असून चुंबक त्यास चिकटतो. ३०४ जातींत १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असतें, त्यास चुंबक लागत नाहीं व तें गंजाला अधिक दाद देत नाहीं. परंतु मालक हंसून म्हणाले, "काका, चुंबकावर जाऊं नका. २०२ नंबरालासुद्धां तो चिकटत नाहीं, आणि तें तीन पावसाळ्यांत सडतं." आमची विद्या तेथेंच आटोपली. त्यांनीं दाखविलें तें अधिक उपयोगी वाटलें: नळीच्या वांकणांत हात घालून पाहावा. आंत दांडा घालून वांकविलेली नळी वळणावरहि गोल राहते. नुसत्या दाबानें वांकविलेली तेथें चपटी होते. मग सरळ भागांतील मोठ्या व्यासाचा उपयोग काय? सांध्यांचें वेल्डिंगहि आंतून पाहावें. एक लिटर पेट्रोल जळलें कीं जवळजवळ तितकेंच पाणी वाफेच्या रूपानें तयार होतें, आणि रोज दोन-तीन मैलांच्याच फेऱ्या असल्या तर नळी पुरती तापत नाहीं व तें पाणी डब्यांत सांचून आंतून गंज धरतो.

मग मालकांनीं आपली मुख्य सूचना पुढें केली. "साहेब, कॅट काढून टाकूं. मग बघा गाडी कशी उडते." येथें मात्र आम्हीं आपला वडीलकीचा अधिकार चालविला. त्या डब्यांत मधाच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रांची वीट असते व तिजवर प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा पातळ लेप असतो. धुरांतील कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलें इंधन व नायट्रोजनचीं ऑक्साइडें यांचें बऱ्याच अंशीं निरुपद्रवी वायूंत रूपांतर करणें हें तिचें काम. बंद न्हाणीघरांत गॅसच्या गिझरमुळें घडणाऱ्या दुर्घटनांच्या बातम्या वाचकांनीं वाचल्या असतील; तेथें प्राण घेणारा तोच हा कार्बन मोनॉक्साइड. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. कॅट काढलेली, आणि गाडीच्या तळाशीं एखादा सांधा कच्चा राहिलेला, कांचा लावलेल्या, मागच्या आसनावर मूल झोंपलेलें. एवढें चित्र आम्हीं भाच्यापुढें उभें केलें. त्याची चार वर्षांची मुलगी त्या वेळीं गॅरेजांतील टायरांच्या ढिगावर चढून बसली होती. कॅटचा विषय तेथेंच संपला.

परंतु खरा निकाल लागला तो भाचेसुनेमुळें. योगायोगानें तशाच इंजिनाची एक गाडी, मागची सगळी नळी बदललेली, तेथें उभी होती. बाहेरून तिचा स्वर खरोखर भरदार होता. आम्हांसहि क्षणभर मोह पडला हें लपवीत नाहीं. मालक तिघांना घेऊन देहू-आळंदी रस्त्यावर फेरी मारावयास गेले. दहा मिनिटांनीं परत आल्यावर सूनबाई कान चोळीत उतरल्या. "मामा, पुढं बसून कांहीं वाटत नाहीं, मागं मात्र डोक्यांत भुंगा शिरल्यासारखं होतं. हिनं तर कान झांकून घेतले."

याचें कारण समजण्यासारखें आहे. चार सिलिंडरांचें इंजिन मिनिटास दोन हजार फेरे घेत असतां धुराचे सुमारें चार हजार धक्के, म्हणजे सेकंदास ६७, नळींतून जातात. हा मंद्रांतला घुमारा गाडीच्या बंद पोकळींत तंबोऱ्याच्या भोपळ्याप्रमाणें भरतो. त्यांतून या विशिष्ट इंजिनाची एक खोड अशी कीं, भार हलका असला म्हणजे इंधन वांचविण्यासाठीं तें आपण होऊन दोन सिलिंडर बंद करतें. धक्के निम्मे, म्हणजे सेकंदास ३३ वर येतात, आणि घुमारा अधिकच खोल जातो. कारखान्याची मधली टाकी या दोन्ही सुरांचा विचार करूनच घडविलेली असते. बाहेरचे पुष्कळ संच ती टाकी गाळतात, किंवा सर्व गाड्यांस एकच चालवितात. म्हणून वाचकांस सांगणें हें कीं, गॅरेजच्या दारांत इंजिन गुरगुरवून दाखवितील त्यास भुलूं नये. तोच संच बसविलेली तीच गाडी शोधावी, मागच्या आसनावर बसावें व कांचा लावून संथ वेगानें अर्धा तास हिंडावें.

कायद्याचें म्हणाल तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वयें उत्पादकानें नमूद केलेल्या मूळ स्वरूपास विसंगत असा बदल गाडींत करतां येत नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मध्यें हेंच स्पष्ट केलें. आवाजाचे व धुराचे नियम मोडल्यास १९० व्या कलमान्वयें पहिल्या खेपेस दहा हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. शिवाय तीन महिने परवान्यास मुकावें लागतें. नव्या प्रवासी गाडीस मान्यता देतांना आवाजाची मर्यादा ७४ डेसिबल धरतात. पी.यू.सी.चा कागद धुरापुरता असतो, आवाजास नव्हे. तो दाखवून सुटका होत नाहीं. गाडी हमींत असेल तर तीहि धोक्यांत येते.

तळवडे पूर्वीं इंद्रायणीकांठचें शेतकऱ्यांचें गांव. आज तेथें पत्र्याच्या शेडी, सुट्या भागांचे लहान कारखाने, संगणकांचीं कार्यालयें व रहिवाशांच्या इमारती एकमेकांस खेटून उभ्या आहेत. कागदोपत्रीं औद्योगिक भागास दिवसा ७५ डेसिबलची मुभा आहे व वस्तीस ५५ ची. प्रत्यक्षांत दोहोंमध्यें कित्येकदां एक भिंतच असते. शिवाय तेथील निम्मीं माणसें रात्रपाळी करून दिवसा झोंपतात, त्यांच्या झोंपेची वेळ कोणत्याहि नियमांत लिहिलेली नाहीं. भाच्याच्या इमारतींत गाड्या तळमजल्यावर खांबांमध्यें लागतात आणि ठीक वरच्या खोलींत असेच एक रात्रपाळीचे गृहस्थ निजतात. ते सकाळीं आठला घरीं येतात. भाचा आठलाच निघतो. थंड इंजिन सुरू केलें कीं कॅट लवकर तापावें म्हणून तें पहिला मिनिटभर मुद्दाम जोरानें फिरतें. म्हणजे दिवसांतला सर्वांत मोठा आवाज नेमका त्या वेळचा. गतवर्षीं सूनबाईंना मध्यरात्रीं रुग्णालयांत न्यावें लागलें त्या वेळीं हे गृहस्थ पाळी बुडवून बरोबर गेले होते. ही गोष्ट आम्हीं काढली नाहीं. भाच्यानेंच काढली, आणि तीहि मालकांशीं बोलतांना.

त्यानें मालकांस विचारलें, "हा संच बसविल्यावर आवाज किती डेसिबल होईल, तें लिहून द्याल का?"

"लिहून कोण देतो, साहेब?" मालक म्हणाले.

बयाणा न देतां आम्ही परतलों. पत्र पाठविणाऱ्या भगिनींनीं चिरंजिवांस हाच प्रश्न गॅरेजांत विचारावयास सांगावें, व इतकें होऊनहि बदल केलाच तर कारखान्याचा मूळ सायलेन्सर भंगारांत न देतां माळ्यावर जपून ठेवावा. गाडी विकतांना किंवा पोलिसांनीं अडविल्यावर तो शोधावयास जाणें फार महाग पडतें. भाचा अद्याप अशा संचाच्या शोधांत आहे, ज्याबरोबर आवाजाच्या मोजणीचा कागद मिळेल व मधली टाकी कायम राहील. तो मिळाला तर त्याची हकीकत पुढील एखाद्या अंकांत देऊं.