रमाईचा त्याग गाऊन झाला, आता आपल्या बायांच्या रक्ताचा हिशोब मांडा!

दरवर्षी ७ फेब्रुवारी आणि २७ मे या दोन तारखांना आपल्या वस्त्यांमध्ये माता रमाईचे बॅनर लागतात. गाणी होतात, भाषणे होतात. 'त्यागमूर्ती' हा शब्द प्रत्येक वक्त्याच्या तोंडून दहा-दहा वेळा निघतो. आम्हीही त्या स्टेजवर उभे राहून हा शब्द वापरलेला आहे. पण आता थांबून एक साधा हिशोब मांडायची वेळ आली आहे.

रमाईचा जन्म १८९८ चा, निर्वाण १९३५ चे. म्हणजे अवघी ३७ वर्षे. पाच बाळंतपणे, त्यातली चार लेकरे डोळ्यांदेखत गेली, एकटे यशवंतराव उरले. अर्धपोटी राहणे, गोवऱ्या थापणे आणि शेवटी दीर्घ आजारपण. याला आपण त्याग म्हणतो आणि हात जोडून मोकळे होतो. पण ज्या समाजव्यवस्थेने एका बाईचे शरीर ३७ वर्षांत संपवले, तिला जाब कोणी विचारायचा?

कोणी म्हणेल, तो काळ गेला. खरेच गेला का? यूएन विमेनच्या २०१८ च्या अहवालाने सांगितले, की दलित स्त्रीचे मृत्यूच्या वेळचे सरासरी वय ३९.५ वर्षे होते आणि उच्चजातीय स्त्रीचे ५४.१ वर्षे. फरक १४.६ वर्षांचा. हे आयुर्मान नव्हे, मृत्यूसमयीचे सरासरी वय आहे, हे आम्हाला ठाऊक आहे. पण जात फक्त देवळाच्या दारात आणि लग्नाच्या मांडवात नसते, ती बाईच्या रक्तात आणि हाडांतही काम करते, एवढे समजायला हा आकडा पुरेसा आहे.

'पूर्वीच्या बायका शेतात बाळंत व्हायच्या'

वस्तीत गरोदर बाईच्या तपासणीचा, आरामाचा, व्यायामाचा विषय काढला की हे वाक्य ऐकू येतेच. "आमच्या आज्या शेतात बाळंत झाल्या अन् तिसऱ्या दिवशी खुरपायला गेल्या. ही आत्ताची नाजूक नाटकं!" आणि दुसरे वाक्य, "दिवसभर राबती ती, तिला कशाला पाहिजे व्यायाम?"

पहिल्याचे उत्तर सोपे आहे. ज्या आज्या जगल्या त्यांच्या गोष्टी आपण ऐकतो. ज्या बाळंतपणात गेल्या त्यांची गोष्ट सांगायला कोणी उरले नाही. आणि ज्या जगल्या त्यांच्यातल्या कितीतरी जणी 'अंग बाहेर येण्याचा' त्रास आयुष्यभर लुगड्याआड लपवत राहिल्या. बाळंतपणानंतर गर्भाशय मूळ आकाराला यायला साधारण सहा आठवडे लागतात. त्या काळात, ओटीपोटाच्या तळाचे स्नायू ढिले असताना, डोक्यावर मोळी किंवा विटांचे घमेले चढवले तर अंग खाली सरकण्याचा धोका वाढतो. हे नाजूकपण नाही, हे शरीरशास्त्र आहे.

दुसऱ्याचे उत्तर आपल्या चळवळीने पाठ करून ठेवावे : श्रम म्हणजे व्यायाम नव्हे! व्यायाम बाई स्वतःच्या शरीरासाठी करते, दमली की थांबते, मग खाते, झोपते. श्रम दुसऱ्यासाठी असतात आणि थांबायचे कधी ते मुकादम, मालकीण नाहीतर सासू ठरवते. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की डॉक्टरांनी मनाई केलेली नसेल तर गरोदर आणि बाळंत बाईने आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम स्वरूपाची हालचाल करावी. म्हणजे दमछाक न होता भरभर चालणे, हलके व्यायाम. चार घरची धुणीभांडी आणि दोन मजले पाण्याचे हंडे वाहणे म्हणजे हे नव्हे. उपाशीपोटी केलेले कष्ट शरीर घडवत नाहीत, झिजवतात.

कोयत्याला गर्भाशय नको असते

ही झीज कुठवर जाते ते पाहायचे असेल तर बीड जिल्ह्याकडे बघा. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजतात. उचल आधीच घेतलेली असते. एक दिवस खाडा झाला की दंड. पाळी आली, गर्भपात झाला, अंगात ताप आहे, कारण काहीही असो, खाडा म्हणजे खाडा. फडात संडास नाही, कोपीत पाणी नाही. आठव्या-नवव्या महिन्यातही बाई मोळी उचलते.

अशा बाईला पांढरे जाण्याचा किंवा पोटदुखीचा त्रास झाला, की तिला 'पिशवी काढून टाक' हा सल्ला मिळाला. २०१९ मध्ये हे प्रकरण विधिमंडळात गाजले, सरकारने समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. म्हणजे साधारण दर सहा जणींमागे एक! त्यात ऐन तिशीतल्या बायाही होत्या. गर्भाशयाबरोबर बीजकोषही काढले, तर रजोनिवृत्ती एकदम येते आणि हाडे लवकर ठिसूळ होतात. पण कोयत्याला याच्याशी काय देणेघेणे? त्याला खाडा नको असतो, एवढेच! या बायांमध्ये वंजारी आहेत, बंजारा आहेत, मातंग आहेत, बौद्ध आहेत. जात वेगवेगळी, फड एकच.

बाबासाहेबांनी १९२८ मध्येच सांगितले होते

जुलै १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात गिरणी कामगार बायांच्या प्रसूती लाभाचे विधेयक आले. बाबासाहेबांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून हा भार मुख्यतः सरकारने उचलला पाहिजे. पण सरकार उचलत नाही तोवर मालकाला सूट नाही, असा त्यांचा मुद्दा होता. १९२९ मध्ये कायदा झाला. १९३८ मध्ये त्यांच्या पक्षाचे आमदार रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला, त्याचे भाषण बाबासाहेबांनी तयार केले होते. ठराव पडला. किती मुले व्हावीत हा बाईच्या आरोग्याचा प्रश्न आहे, हे ते त्या काळात सभागृहात सांगत होते!

आज काय स्थिती आहे? २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली. चांगलेच झाले. पण ती कुणाला? आस्थापनेत नोकरी असलेलीला. घरकामगार, नाका कामगार, ऊसतोड, कचरावेचक, वीटभट्टीवरची बाई, म्हणजे आपली बाई, या रजेच्या बाहेर. तिच्यासाठी काय, तर २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने प्रत्येक गरोदर बाईला किमान ६,००० रुपये देण्याचे कबूल केले. प्रत्यक्षात आलेल्या मातृवंदना योजनेने पहिल्या बाळाला ५,००० केले, आणि दुसऱ्या बाळाला दिले तर मुलगी झाली तरच! कायदा म्हणतो प्रत्येक बाई, योजना म्हणते अमुक बाळंतपण. दुसरा मुलगा झाला तर आईचे रक्त कमी जाते काय?

सरकार म्हणेल, महाराष्ट्राचा मातामृत्यू दर बघा, २०१८-२० मध्ये तो एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ होता, देशाचा ९७. हे यश आहे आणि ते आशाताई, एएनएम, अंगणवाडी सेविकांच्या कष्टाचे आहे. पण मेलेल्या बाया मोजल्या म्हणजे जगलेल्यांचा हिशोब पूर्ण होत नाही. याच महाराष्ट्रात २०१९-२१ च्या सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायांच्या अंगात रक्त कमी होते. अंग बाहेर आलेली, कंबर मोडलेली, शिंकले तरी लघवी होते म्हणून सभेला यायला लाजणारी बाई कुठल्याच यशाच्या तक्त्यात नसते.

आणि दुसरीकडे 'गर्भसंस्काराचा' बाजार बघा. श्लोक ऐका, सात्त्विक व्हा, तेजस्वी संतती मिळवा, हजारो रुपयांचे पॅकेज. तिथे आई म्हणजे उत्तम बीज वाढवायचे भांडे! तिच्या हिमोग्लोबिनशी, तिच्या मजुरीशी या संस्कारांना कर्तव्य नाही. आपल्यातलेही काही शिकलेले या दुकानात शिरू लागले आहेत, म्हणून हे लिहावे लागते.

आता आपले दार

व्यवस्थेला शिव्या देणे सोपे आहे. आपल्या घरात काय चालते? आम्ही वस्तीत काम करताना एका ताईला विचारले, जेवलीस का? सातवा महिना होता, हिमोग्लोबिन आठच्या खाली. म्हणाली, "सगळ्यांचं झालं की जेवते." तिचा नवरा आपला कार्यकर्ता, घरात बुद्धमूर्ती, भिंतीवर बावीस प्रतिज्ञा! आपण १९५६ मध्ये उपास-तापास सोडले. पण बाईने शेवटी आणि उरलेले खाण्याचे व्रत सुटले काय? सिद्धार्थाने देहदंड सोडला, सुजाताची खीर घेतली, तेव्हा पुढचा मार्ग सापडला. शरीर उपाशी मारून काही मिळत नाही, हे सांगणाऱ्या तथागताच्या घरात बाईच्या उपासमारीला आपण त्याग म्हणतो!

विहाराशेजारी व्यायामशाळा असते, तिथे पोरे दंड काढतात. बाईने पाऊल ठेवले तर कुजबुज. जयंतीच्या डीजेला लाखभर वर्गणी जमते, वस्तीतल्या गरोदर बायांची यादी मात्र एकाही मंडळाकडे नसते. 'आधी जातिअंत, मग बायकांचे विषय' असे म्हणणाऱ्या मित्रांना आम्ही विचारतो, जातिअंत करायला जी माणसे लागणार ती रक्त नसलेल्या आयांच्या पोटी जन्मणार काय?

म्हणून पुढच्या जयंतीआधी एवढे करा. वस्तीतल्या गरोदर आणि बाळंत बायांची यादी करा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात मोफत तपासणी असते, तिथे त्यांना घेऊन जा. हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर पाठपुरावा करा. लोहाची गोळी गरोदरपणी १८० दिवस आणि बाळंतपणानंतरही १८० दिवस घ्यायची असते, आणि ती चहाबरोबर नाही, हे घरोघर सांगा. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधे, रक्त, गाडी मोफत मिळण्याचा हक्क २०११ पासून आहे. कोणी पैसे मागितले तर लेखी तक्रार करा. रोज एक तास विहाराचे सभागृह आणि व्यायामशाळा फक्त बायांसाठी ठेवा. बाळंतिणीने लघवी रोखताना आवळतो ते स्नायू आवळण्या-सोडण्याचा व्यायाम नर्सताईंकडून शिकावा. 'पिशवी काढा' म्हटले तर दुसऱ्या डॉक्टरचे मत घेतल्याशिवाय सही करू नका. आणि असंघटित बाईला मजुरीसह प्रसूती रजा, ही मागणी प्रत्येक मोर्चाच्या निवेदनात पहिल्या पानावर आणा. ती बाबासाहेबांची अर्धवट राहिलेली मागणी आहे.

आणि भावांनो, आज रात्री भाकरी तुम्ही थापा. ताट आधी तिला वाढा.

येत्या २७ मे ला आम्ही स्टेजवर रमाईच्या त्यागावर बोलणार नाही. वस्तीतल्या किती बायांचे रक्त वर्षभरात वाढले, तो आकडा वाचून दाखवू. तुमच्या वस्तीचा आकडा तयार ठेवा.

जय भीम!