डबा आईचा, नियम मुलांचा



मे महिना जवळ आला की फोन सुरू होतात. कुणी मुलीकडे अमेरिकेला निघालेली असते, कुणी भावाकडे दुबईला, कुणी दिराकडे इंग्लंडला. सगळ्यांचा प्रश्न एकच, "मुलांसाठी विमानात काय काय घेतलंस?" मीही मागच्या वर्षापर्यंत पुऱ्या, मखाणे, फुटाणे, सुकामेवा अशी यादी सांगायची. आता मी उलट प्रश्न विचारते, "मुलं केवढी आहेत?" बारा-तेराच्या वर असतील तर डब्याआधी एक दुसरी तयारी करायला हवी, असं माझं ठाम मत झालं आहे. ते कसं झालं ते आधी सांगते.

मागच्या मे महिन्यात आम्ही चौघं लेस्टरला दिराकडे गेलो. नागऱ्याहून गोंदिया स्टेशन, तिथून दुपारची विदर्भ एक्सप्रेस, दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबई, दिवसभर नणंदेकडे, रात्री विमान, आखातात विमान बदलायचं आणि मग इंग्लंड. घराचं दार ओढल्यापासून दिराच्या दारात पोहोचेपर्यंत तिसरा दिवस उजाडतो. मी जैन जेवणाची मागणी आधीच नोंदवली होती, डबे भरले होते, मुलांना दहा वेळा बजावलं होतं. माझ्या हिशेबाने सगळं नीट पार पडलं. घरी परत आले तेव्हा मी मंदिरात चार बायकांना अभिमानाने सांगितलंही, "एवढा प्रवास केला, पण मुलांनी एक कणही इकडचा तिकडे केला नाही."

सप्टेंबरात दशलक्षण पर्व झालं. क्षमावाणीच्या दिवशी लेक पाया पडली आणि तिथेच रडायला लागली. तेरा वर्षांची पोर. दुसऱ्या विमानात तिने खिडकीसाठी पुढच्या रांगेतल्या एका कॉलेजच्या मुलीशी जागा बदलली होती. विशेष जेवणाचं ताट आसन क्रमांकावर येतं. ते त्या मुलीपुढे आलं, ती म्हणाली मी हे मागितलं नाही, ताट परत गेलं. मग आमच्या लेकीला उरलेलं साधं शाकाहारी ताट मिळालं. त्यात बटाट्याची भाजी होती. मी दोन रांगा मागे झोपले होते. डबा माझ्या पायाशी. ती उठून माझ्याकडे आली नाही, कारण जागा बदलल्याबद्दल मी ओरडेन. तिने भाजी खाल्ली आणि चार महिने कुणाला सांगितलं नाही.

मी तिला जवळ घेतलं. त्या रात्री मला झोप आली नाही. बटाटा खाल्ला याचं दुःख कमी होतं. माझ्या लेकीला भूक लागली, अडचण आली, दोन रांगा मागे आई होती आणि तरी तिला आईपेक्षा लपवणं सोपं वाटलं, याचं दुःख जास्त होतं. मी मुलांना नियम शिकवला नव्हता, माझी भीती शिकवली होती. भीती दोन रांगांपलीकडेसुद्धा टिकत नाही, मग पुण्याच्या होस्टेलपर्यंत कुठून टिकणार?

म्हणून मैत्रिणींनो, हे लिहिते आहे. लहान मुलाचा डबा भरला की झालं. आईने जे तोंडात घातलं ते त्याने खाल्लं. मोठ्या मुलाचं तसं नसतं. तो स्वतः ताट घेतो, स्वतः "यात काय आहे" विचारतो किंवा विचारत नाही. दोन-तीन वर्षांत तो घर सोडणार आहे. लांबचा विमानप्रवास ही त्या घर सोडण्याची पहिली तालीम आहे, आणि ती आपण शेजारी बसलेलो असताना होते, हे आपलं भाग्य समजा.

आपल्याकडे याबाबत दोन मतं ऐकू येतात. एक, "प्रवासात सगळं चालतं, परत आल्यावर बघू." दुसरं, "मुलं मोठी झाली की जास्त कडक राहायला हवं." मला दोन्ही पटत नाहीत. प्रवासात सगळं चालतं असं सोळाव्या वर्षी शिकलेल्या मुलाला अठराव्या वर्षानंतरचं सगळं आयुष्यच प्रवास वाटतं. शिकायला बाहेर, नोकरीला बाहेर. आणि नुसत्या कडकपणाचं काय होतं ते मी वर सांगितलंच.

आपल्या शास्त्रात याचं उत्तर आहे, आपण ते वापरत नाही एवढंच. रत्नकरंड श्रावकाचारात समंतभद्र आचार्यांनी यम आणि नियम वेगळे सांगितले आहेत. जन्मभरासाठी घेतलेला त्याग तो यम, ठरावीक काळासाठी घेतलेला तो नियम. म्हणजे मर्यादित काळाचा त्याग हा काही पळपुटेपणा नाही, ती मान्य वाट आहे. आणि तीन गुणव्रतांमध्ये दिग्व्रत आहे, कोणत्या दिशेला किती दूर जायचं याची मर्यादा. श्रावक घराबाहेर पडणार, दूर जाणार, हे आपल्या आचार्यांनी गृहीत धरलं होतं. निघण्याआधी स्वतः विचार करून हद्द आखून घे, एवढंच ते सांगतात. "स्वतः" हा शब्द महत्त्वाचा. दुसऱ्याने आखलेल्या हद्दीला व्रत म्हणत नाहीत.

आपल्या समाजाने परदेशप्रवासाचा प्रश्न आधीही सोसला आहे. १८९३ साली शिकागोच्या सर्वधर्म परिषदेचं आमंत्रण आत्मारामजी महाराजांना आलं होतं. साधूंना समुद्रप्रवास वर्ज्य, म्हणून त्यांनी महुव्याच्या वीरचंद राघवजी गांधींना पाठवलं. वय अवघं २९. तिकडे त्यांनी आपला आहार-आचार सांभाळला, धर्माची बाजू मांडली, आणि परत आल्यावर आपल्याच काही लोकांनी समुद्र ओलांडला म्हणून प्रायश्चित्त मागितलं. त्यांचा आचार त्यांचा स्वतःचा होता, म्हणून तो बोटीतही टिकला आणि टीकेतही. १८९६ मध्ये ते पुन्हा अमेरिकेला गेले, तेव्हा पत्नी आणि मुलालाही घेऊन गेले. मला त्या माउलीचा फार विचार येतो. तिने काय बांधून घेतलं असेल!

आता यंदाची आमची तयारी सांगते. निघण्याच्या महिनाभर आधी, एका रविवारी दुपारी, चौघं बसलो. प्रत्येकाने कागदावर आपापला नियम लिहायचा, घर सोडल्यापासून लेस्टरला पोहोचेपर्यंतचा. मी माझा लिहिला, यांनी त्यांचा. मुलांच्या कागदात मी डोकावले नाही. मुलाने लिहिलं: कंदमूळ नाही, रात्री पाण्याशिवाय काही नाही. लेकीने लिहिलं: कंदमूळ नाही, रात्री भूक लागली तर फळ खाईन, आणि चुकलं तर त्याच दिवशी आईला सांगेन. तिच्या सासू-आजीला ते फळ पटलं नाही. मला पटलं. शेवटची ओळ मला सगळ्यात मोलाची वाटली. त्या ओळीपुढे एक केळं काहीच नाही.

नियम लिहिताना काही गोष्टी मुलांना आधी समजावून सांगाव्या लागतात, नाहीतर त्यांना कशाचा त्याग करतो आहोत हेच कळत नाही.

पहिली, सूर्याची. कुणी चौविहार म्हणतं, कुणी रात्रीभोजनत्याग. घरी सूर्य एकच असतो. विमान पश्चिमेला निघालं की रात्र लांबत जाते, परतताना आखडते. मे महिन्यात इंग्लंडचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं. जूनमध्ये लंडनला सूर्यास्त सव्वानऊच्या पुढे आणि डिसेंबरात चारच्या आधी. मग कोणता सूर्यास्त धरायचा? आम्ही ठरवलं, जिथे आहोत तिथला. विमानात असू तर खिडकीबाहेरचा. तुमचे महाराज किंवा घरातले मोठे वेगळं सांगतील तर ते धरा, पण निघण्याआधी ठरवा. ढगांवर बसून वाद घालू नका.

दुसरी, पाण्याची. विमानातली हवा फार कोरडी असते, आर्द्रता वीस टक्क्यांच्याही खाली जाते. घसा सुकतो, डोकं दुखतं. वाढत्या वयाच्या मुलांनी विमानात निर्जळ राहू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पाण्याची सूट ठेवून तिविहार करता येतो. मुलगी असेल तर पाळीची तारीख बघा आणि तिचं सामान तिच्याच पिशवीत ठेवा, वरच्या कप्प्यात नको. दर दोन तासांनी उठून चार पावलं चालायला सांगा.

तिसरी, जेवणाच्या मागणीची. ही मागणी यंदा मुलाने स्वतः नोंदवली. जैन जेवणाला व्हीजेएमएल असा संकेत आहे. एव्हीएमएल म्हणजे हिंदू शाकाहारी, त्यात कांदा-बटाटा असू शकतो. बहुतेक कंपन्यांना किमान २४ तास आधी कळवावं लागतं. विमान बदलणार असेल तर दोन्ही टप्प्यांसाठी नोंद झाली का ते बघा, तिकिटाची वेळ बदलली तर पुन्हा बघा. आणि जागा बदलायची असेल तर खुशाल बदला, फक्त विमानातल्या ताईला सांगा, "माझं ताट अमुक आसनावर येणार आहे, ते इकडे द्या." हे वाक्य आम्ही घरात तीन वेळा म्हणून घेतलं, हिंदीत आणि इंग्रजीत. हसलो खूप. पण मागच्या वर्षी तिला हे एक वाक्य येत असतं तर चार महिन्यांचं ओझं वाचलं असतं. मध्यरात्री ताट आलं तर "सकाळी द्याल का?" असंही विचारता येतं. नाही म्हणाले तर आपला डबा आहेच.

चौथी, डब्याची. पिठाची मर्यादा पावसाळ्यात तीन, उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात सात दिवस, आणि पाणी घालून केलेल्या पदार्थाची त्याहून खूप कमी. म्हणून पुऱ्या पहिल्या संध्याकाळी गाडीत सूर्यास्तापूर्वी संपवायच्या. मुंबईत ताजं जेवायचं. तिसऱ्या दिवसासाठी फुटाणे, भाजलेले शेंगदाणे, मखाणे, बदाम, खारीक. तूप, लोणचं हातातल्या सामानात १०० मिलीच्या वर चालत नाही. ब्रिटनमध्ये भारतातून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, तेव्हा जाऊबाईंसाठी पेढे आणि तूप नेण्याचा मोह आवरा. ताजी फळं उतरण्याआधी संपवा. आणि यंदा डबा माझ्या पायाशी नाही. प्रत्येकाचा डबा प्रत्येकाकडे.

कागदपत्रांचंही तसंच. लहान मुलांचा पासपोर्ट साधारण पाचच वर्षांचा असतो, मुलं वाढतात तशी तारीखही उलटून जाते. ती यंदा मुलांनी स्वतः तपासली. आई एकटीच मुलांना नेणार असेल तर वडिलांचं संमतिपत्र नोटरी करून सोबत असू द्या.

कुणी म्हणेल, मुलांच्या हाती एवढं दिलं आणि त्यांनी सैल नियम लिहिला तर? लिहू द्या. स्वतः घेतलेला छोटा नियम पाळला की पुढच्या वेळी तो आपोआप मोठा होतो. आपण लादलेला मोठा नियम एकदा चोरून मोडला की मग सगळेच नियम चोरून मोडता येतात, हे मुलाला कळतं. मला पहिली वाट सुरक्षित वाटते.

इथून जवळच, डोंगरगडच्या चंद्रगिरीवर, १८ फेब्रुवारी २०२४ ला आचार्य विद्यासागरजी महाराजांची समाधी झाली. सदलग्याचा एक तरुण, बाविसाव्या वर्षाच्या आत मुनिदीक्षा घेतो आणि पुढे सगळा देश पायी चालतो. तो नियम कुणी डब्यात बांधून दिला नव्हता. आपली मुलं काही मुनी होणार नाहीत, ती विमानाने जातील. पण नियम आतून आला पाहिजे, ही गोष्ट दोघांनाही सारखीच लागू आहे.

आमचे चार कागद सध्या देवघरात ठेवले आहेत. निघताना णमोकार म्हणून प्रत्येकाने आपापला कागद खिशात घालायचा. मी मुलांचे वाचणार नाही, मी माझा वाचेन. कारण माझ्या कागदावर या वेळी खाण्यापिण्याखाली एक ओळ आहे: मूल काही सांगायला आलं तर आधी ऐकेन, मग बोलेन. हा नियम मला सगळ्यात अवघड जाणार आहे.

तुमच्या घरी काय ठरलं ते जरूर कळवा. माझ्या लिहिण्यात काही चुकलं असेल तर उत्तम क्षमा.

जय जिनेंद्र.