डास मात्र येथलाच!

पावसाळा सुरू झाला की गोव्यात तापाचे दिवस येतात आणि त्यांच्या जोडीने एक जुना आरोपही डोके वर काढतो : मलेरिया परप्रांतीय मजुरांनी आणला! या आरोपात अर्धे सत्य आहे. आणि अर्धे सत्य निखळ असत्याहून अधिक घातक असते, म्हणून त्याचा परामर्श घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

२० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठरात मलेरियाचे जंतू आढळले. तेव्हापासून एवढे निर्विवाद आहे की, या रोगाला रुग्ण लागतो तसाच डासही लागतो. रुग्णाच्या रक्तातून जंतू अ‍ॅनाफिलीस मादीच्या पोटात जातात, तेथे सुमारे दहा-बारा दिवस वाढतात आणि मगच तिच्या दंशातून दुसऱ्यास बाधा होते. मजूर आपल्या गावाहून जंतू आणत असेलही; डास तो आणत नाही. शहरांत मलेरिया पसरविणारा अ‍ॅनाफिलीस स्टेफेन्सी वाढतो तो स्लॅब मुरविण्यासाठी कोंडलेल्या पाण्यात, लिफ्टच्या खड्ड्यांत, गच्चीवरील उघड्या टाक्यांत. हे पाणी मजुराच्या मालकीचे नव्हे. उलट, त्याच अर्धवट इमारतीत मच्छरदाणीविना निजणारा तो या डासाचा पहिला बळी असतो.

मजुराचे रक्त तपासून त्यास आरोग्यपत्र देण्याची पद्धत येथे आहे. ती योग्यच आहे. परंतु रक्त तपासणाऱ्या यंत्रणेने कंत्राटदाराच्या पाण्याकडेही तितक्याच कठोरपणे पाहावयास नको काय? अंड्यापासून डास होण्यास आठवडा-दहा दिवस लागतात. म्हणजे आठवड्यातून एकदा पाणी उपसून टाकले तरी पैदास खुंटते. जो एवढेही करीत नाही, त्याचे काम थांबविण्याचे धैर्य पालिकांनी दाखवावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आणि नागरिकांनीही हात झटकू नयेत. डेंग्यूचा एडीस डास आमच्याच कुंड्यांत, करवंट्यांत आणि टायरांत वाढतो व दिवसाढवळ्या चावतो. त्याचे खापर आम्ही कोणाच्या माथी फोडणार? २०३० पर्यंत मलेरियाचे उच्चाटन करण्याचे उद्दिष्ट देशाने ठेवले आहे. ते बोट दाखवून साधणार नाही, बादली उपसून साधेल.

रोगराईने जर्जर झालेले जुने गोवे ओस पडले आणि १८४३ साली पणजी अधिकृतपणे राजधानी झाली. राज्यकर्त्यांना राजधानी हलविता आली. आम्हां सामान्यांना आणि त्या मजुरांनाही पळून जाण्यासाठी दुसरे शहर नाही. आहे तेच निरोगी राखणे, एवढा एकच मार्ग आम्हांपुढे उरतो.