वार काढणाऱ्या हाताची काळजी कोण घेणार?

गाय रात्री व्याली आणि सकाळपर्यंत वार पडली नाही, की कंधारच्या किंवा देवणीच्या शेतकऱ्याचा पहिला फोन जनावरांच्या डॉक्टरला जातो. डॉक्टर येतात, बाही वर सारतात आणि हात आत घालून वार मोकळी करतात. लांब हातमोजा जवळ असला तर घालतात, नसला तर साबणाने हात धुऊन काम उरकतात. गाय दिवस भरण्याआधीच गाभडलेली असेल, तर हाच क्षण डॉक्टरच्या स्वतःच्या आरोग्यासाठी सर्वांत धोक्याचा असतो.

कारण ब्रुसेलोसिस, म्हणजेच सांसर्गिक गर्भपात. या रोगात गाय-म्हैस बहुधा पाचव्या महिन्यानंतर गाभडते, वार अडकते, पुढे गाभण राहायला त्रास होतो. पडलेले वासरू, वार आणि गर्भाशयातला स्राव यांत जंतू प्रचंड संख्येने असतात. हातावरची बारीकशी जखम किंवा डोळ्यात उडालेला थेंबही त्यांना पुरतो. माणसात हा आजार चढ-उतार होणारा ताप, रात्रीचा घाम, सांधेदुखी आणि कंबरदुखी घेऊन येतो. लक्षणे दिसायला कधी आठवडे, कधी महिने लागतात. तोवर ती गाय रुग्णाच्या लक्षातही राहिलेली नसते. मग हिवताप, टायफॉइड, संधिवात असे निदान फिरत राहते. नेमके निदान झाले, तर दोन प्रतिजैविके किमान सहा आठवडे घ्यावी लागतात. ती अर्धवट सोडली की आजार उलटतो.

हा जंतू काही नवा नाही. 1887 मध्ये डेव्हिड ब्रूस यांनी माल्टा बेटावर तापाने मेलेल्या सैनिकांच्या शरीरात तो शोधला. पुढे 1905 मध्ये थेमिस्टोक्लिस झामिट यांनी त्याचे मूळ तिथल्या शेळ्यांत दाखवून दिले. सैनिकांचा ताप शेळीच्या दुधातून येत होता. माणसांचे आणि जनावरांचे डॉक्टर एकमेकांशी बोलले पाहिजेत, हा धडा तेव्हाच मिळाला होता.

2022 मध्ये लम्पीची साथ आली, तेव्हा गावोगावी दूध प्यावे की नाही याची चर्चा झाली. लम्पी माणसाला होतच नाही. ब्रुसेलोसिस मात्र माणसाला होतो, कच्च्या दुधातूनही होतो, तरी त्याची चर्चा नाही. लम्पीच्या गाठी दिसतात. गाभडलेली गाय मात्र शेतकरी कोणाला सांगत नाही. ती गुपचूप बाजारात जाते. हाळी-हंडरगुळीसारख्या मोठ्या बाजारात देखणे देवणी जनावर घेणारा त्याची रोझ बंगाल चाचणी मागत नाही, जरी थेंबभर रक्तजलावर ती काही मिनिटांत होते. काही देशांनी बाधित जनावरे मारून रोग हटवला. महाराष्ट्रात 2015 पासून गोवंश हत्याबंदी आहे, त्यामुळे गाईंच्या बाबतीत तो रस्ता बंद आहे. उरतात लसीकरण, चाचणी आणि स्वच्छता.

केंद्राच्या 2019 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात चार ते आठ महिन्यांच्या कालवडी आणि पारड्यांना ब्रुसेलाची लस आयुष्यात एकदाच टोचली जाते. पण ही लस जिवंत जंतूंची आहे. टोचताना सुई स्वतःच्या बोटात गेली, तर लस देणाऱ्यालाच आजार होऊ शकतो. म्हणजे रोग रोखणारा माणूस दोन्हीकडून धोक्यात.

इथेच पशुवैद्यकांच्या संघटनांचा प्रश्न येतो. संघटनांच्या बैठकांत बदल्या, पदोन्नती, रिक्त पदे हे विषय येतात, आणि ते यायलाच हवेत. एका डॉक्टरकडे दोन-तीन दवाखाने असतील, तर तो हातमोजा शोधत बसणार नाही, हेही खरे. पण हातमोजे, चष्मे आणि सदस्यांची वार्षिक रक्ततपासणी या मागण्या निवेदनाच्या शेवटी नकोत, पहिल्या ओळीत हव्यात. त्यात खासगी डॉक्टर, पशुधन पर्यवेक्षक आणि परिचरही यावेत, कारण जंतू पदनाम पाहत नाही.

दुसरे काम त्याहून सोपे आहे. नांदेडला डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. संघटनांनी पुढाकार घेऊन या तिन्ही ठिकाणच्या मंडळींना वर्षातून एकदा एका टेबलावर आणावे. पशुवैद्यकाने गाभडलेल्या गाईची माहिती आरोग्य केंद्राला द्यावी. आरोग्य केंद्राच्या डॉक्टरने लांबलेल्या तापाच्या रुग्णाला एवढेच विचारावे, ‘घरी जनावरे आहेत का? एवढ्यात एखादी गाभडली का?’

शेतकऱ्याच्या हातातही बरेच आहे. पडलेले वासरू आणि वार कुत्र्यांपुढे किंवा उकिरड्यावर न टाकता चुना घालून खोल पुरावी. गाभडलेली गाय वेगळी बांधावी. धारोष्ण दुधाचा मोह सोडून दूध उकळूनच प्यावे. आणि डॉक्टर आले की गाय गाभडली हे लपवू नये. ती एक गोष्ट वेळेवर कळली, तर डॉक्टर हातमोजा घातल्याशिवाय हात आत घालणार नाहीत. उद्या दुसऱ्या गोठ्यात जाण्यासाठी तो हात धडधाकट राहायला हवा.