परसांतील लिंबाची कुंडी

शेतकऱ्याच्या घरीं लिंबू विकत यावें, ही गोष्ट आम्हांस नामुष्कीची वाटते. ज्याच्या नांवावर पांच-दहा एकर ऊंस उभा आहे, त्याच्याच घरची बाई आठवड्याच्या बाजारीं चार लिंबें व कोथिंबिरीची जुडी यांकरितां घासाघीस करीत असते. उंसाचे पैसे वर्षांतून एकदोन वेळां हातीं येतात. स्वयंपाकघराचा खर्च मात्र रोजचा आहे. २०२२ सालच्या एप्रिलांत कित्येक शहरीं एकेक लिंबू दहा रुपयांस विकलें गेलें, हें वाचकांस स्मरत असेलच.

महसूल खात्याच्या कारकुनींत आमची उमेद गेली. गांव नमुना सात हा हक्काचा व बारा हा पिकांचा. पूर्वीं तलाठी पिकें लिहीत असे; २०२१ पासून ई-पीक पाहणींत खातेदार तीं स्वतःच नोंदवितो. परंतु गांवठाणांतील घरामागच्या परसास यांपैकीं कोणत्याही रकान्यांत जागा नाहीं. जें दप्तरांत नाहीं ती शेतीच नव्हे, अशी आमच्या मंडळींची समजूत होऊन बसली आहे. ती सोडली पाहिजे. सातबाऱ्यावर घरच्या बाईचें नांव क्वचितच आढळतें. परसांत मात्र अंमल तिचाच असतो, आणि तेथें वांचलेला पैसा बहुधा तिच्याच हातीं राहतो.

यावर कोणी म्हणतील कीं, कुंडींतील झाड तें काय देणार? हें नवशिक्या पेन्शनरांचें खेळणें होय. एका कुंडीनें सोसायटीचें कर्ज फिटेल असें आमचेंही म्हणणें नाहीं. पण एका बाबतींत ही कुंडी बागेवर मात करते. कागदी लिंबास आंबे, मृग व हस्त असे तीन बहार येतात. पैकीं हस्त बहाराचीं फळें उन्हाळ्यांत, ऐन मागणीच्या वेळीं मिळतात. तो धरण्याकरितां भाद्रपदाच्या सुमारास झाडास पाण्याचा ताण द्यावा लागतो, आणि नेमका त्याच वेळीं पाऊस पडत असतो. श्रीगोंदे तालुक्यांतील मोठ्या बागाईतदारासही तो पाऊस थांबवितां येत नाहीं. कुंडी मात्र दोघांनीं धरून, ऊन लागेल पण पाऊस लागणार नाहीं अशा पडवीच्या कडेस सरकविली कीं काम झालें. पानें मलूल होऊन थोडीं गळूं लागलीं म्हणजे शेणखत घालून पाणी हळूहळू सुरू करावें. हा प्रयोग दोन-तीन वर्षें अंग धरलेल्या झाडावरच करावा, कोवळ्या रोपावर करूं नये.

रोप गुटीचें घ्यावें. बियांचें झाड फळास चार-पांच वर्षें लावतें. गुटीचें त्याहून लौकर धरतें. राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठाची साई सरबती ही जात घरगुती उपयोगास चांगली आहे. कुंडी निदान दीड फूट रुंद व तितकीच खोल असून बुडाशीं छिद्रें असावींत. निव्वळ काळी माती भरूं नये, तिच्यांत पाणी कोंडून मुळें कुजतात; पोयटा, वाळू व कुजलेलें शेणखत मिसळून घ्यावें. वरची दोन बोटें माती सुकल्याखेरीज पाणी देऊं नये. मोरीचें साबणाचें पाणी लिंबास कधींही घालूं नये, कारण या झाडास क्षार सोसत नाहींत. तें अळवाकडे वळवावें. कोवळ्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी आढळल्यास हातानें वेंचून काढावी. लिंबाच्याच कुळांतील कढीलिंबावरही ती येते, तेव्हां दोहोंवर नजर ठेवावी.

शेजारीं ओलसर, अर्धवट सावलींत पुदिना, मोकळ्या कडेस गवती चहाचा एक ठोंब व पसरट भांड्यांत कोथिंबीर असावी. धणे रगडून दोन फांकी करून पेरावे आणि दर पंधरवड्यास थोडे थोडे पेरीत जावें, म्हणजे जुडी विकत आणावी लागत नाहीं. भर उन्हाळ्यांत कोथिंबीर लौकर फुलावर येते, त्या दिवसांत ती सावलीस ठेवावी.

आमची सूचना इतकीच कीं, संघानें येत्या पावसाळ्यापूर्वीं गुटीचीं रोपें एकदम मागवून प्रत्येक सभासदाच्या घरीं एक याप्रमाणें खरेदीच्या किंमतीस द्यावींत; आणि तीं सभासदाच्या नव्हे, तर त्याच्या घरच्या बाईच्या नांवें वहींत लिहावींत. तिसऱ्या वर्षीं कोणत्या घरीं किती फळें उतरलीं, हेंही त्याच वहींत नोंदवावें. सरकारी दप्तरांत नाहीं, तर निदान आमच्या दप्तरांत तरी त्या परसाची नोंद होईल. ही वही ठेवण्याचें काम आम्ही विनावेतन पत्करण्यास तयार आहों.